गोधडीचे दुसरे टोक

एकदा एका नदीने आपल्याच काठचे गाव पोटात घेतले आणि मग काही घडलेच नाही अशी ती शांत वाहू लागली. झाडांच्या शेंड्यांवर लुगडी लोंबत होती. धुक्यातून घरे दिसत आणि पुन्हा विरून जात.

टेकडीवरच्या वृद्ध आचार्यांनी, आसपासच्या गावांतून मदतीला आलेल्या माणसांना एकेक घर नेमून दिले. "धान्य इतर लोक देतील. तुम्ही त्या घरच्या माणसांजवळ बसा," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या शिष्याच्या वाट्याला एक तरुण आला. त्याचा थोरला भाऊ पुरात गेला होता. दोघे भाऊ पांघरत ती गोधडी चिखलात भिजून पडली होती. तो तिच्याशेजारी बसून असे. जेवत नसे, सारखा नदीकडे बघे.

शिष्याने त्याला देहाची नश्वरता समजावली. तरुणाने तांब्या फेकून मारला.

शिष्य कपाळ चोळत परतला. "गुरुजी, तो नदीत उडी घेईल हो! माझे तर शब्द संपले."

"बरे झाले. आता जा आणि त्या गोधडीचे एक टोक धर. पिळू नकोस. सोडूही नकोस."

शिष्याला काही उमगले नाही. तरी तो गेला.

"आलास? आज कोणता श्लोक?" तरुण म्हणाला.

"श्लोक नाही. गोधडी धुऊ या. एक टोक मी धरतो."

तरुणाने गोधडीकडे पाहिले. मग उठला. आडावर धुऊन झाल्यावर तो पिळू लागला. गढूळ पाणी निथळू लागले.

"ही बाजू दादाची," तो एकदम बोलला. "रोज रात्री ओढाओढ."

"कोण जिंकायचं?"

"तोच. हलकट होता." त्याचे हात थांबले. "पण पहाटे बघावं, तर सगळी गोधडी माझ्याच अंगावर."

मग तो पिळत राहिला, रडत राहिला. शिष्याचे हात भरून आले. त्याने टोक सोडले नाही.

संध्याकाळी आचार्य म्हणाले, "ओली गोधडी एकट्याला पिळता येत नाही, बाळ. पीळ ज्याचा त्यालाच घालावा लागतो, पण समोर कुणी घट्ट धरून उभे नसेल तर ती नुसतीच फिरत राहते. तू आधी उपदेश करून ती त्याच्या हातातून काढून घ्यायला गेला होतास."

सकाळी धुक्यातून कुणीतरी टेकडी चढून आले. तो तरुणच होता.

"शेजारच्या आजीची गोधडी अजून तशीच ओली आहे. तिच्याकडे कुणी जाणार आहे, की मी जाऊ?"

आचार्यांनी त्याच्यापुढे भाकरी ठेवली. "आधी खाऊन घे. गोधडी जड असते."

तरुणाने भाकरी मोडली.