शंभरातली एकसष्ट

"किती?"

"शंभर, अज्जा! पुरे शंभर!"

"कोण कोण?"

इराप्पानं आकडा पाहिला होता. नावं पाहिली नव्हती.

मठाच्या रक्तपेढीतल्या सर्व्हरवर चाळीस गावांच्या रक्तदात्यांची यादी होती. एका वेळी त्याला शंभर कनेक्शन झेपत. एकशे एकावं आलं की ते बाहेरच ताटकळायचं. आणि आत्ता तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई फोनवर जीव तोडून ओरडत होत्या. बाळंतिणीचं रक्त थांबेना, बी निगेटिव्ह पाहिजे, यादी उघडेना.

"सगळीच तोडतो," इराप्पा म्हणाला. त्याचं बोट कळफलकावर गेलंसुद्धा.

अज्जांनी त्याचं मनगट धरलं.

"त्यात कुणी निम्म्यात असेल. तुझ्यासारखंच कुणासाठी तरी रक्त शोधत असेल. नावं वाच. भरभर."

तो वाचू लागला. गडावरचा दवाखाना, दोन. साखर कारखान्याचा दवाखाना, एक. मग एकच नाव आलं. खाली तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच. प्रत्येकापुढं एकच शेरा, झोपलेलं, म्हणजे उघडं पण बिनकामाचं...

"थांबलास का?"

"अज्जा... हे माझंच आहे."

"किती?"

"एकसष्ट."

चार महिन्यांपूर्वी इराप्पाचा थोरला भाऊ मल्लाप्पा ट्रॅक्टरखाली सापडून गेला. रक्त वेळेवर मिळालं नाही. चौदाव्या दिवशी हा नववीतून शाळा सोडलेला, एकोणीस वर्षांचा पोरगा मठात आला आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या रुद्राप्पा अज्जांपुढं उभा राहून म्हणाला, हे काम मला शिकवा. शिकला, पण जिवाला चैन नव्हती. घास हातात असला तरी उठायचा, पडद्यावर नवी खिडकी उघडायचा आणि किती कनेक्शन आहेत ते बघायचा. मागची खिडकी तशीच राहायची. बघणाऱ्याचंही एक कनेक्शन लागतं, हे त्याला अज्जांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"बंद का केली नाहीस?"

"करवत नाही. बंद केली आणि नेमकं तेवढ्यात काही झालं तर?"

फोनमधून नर्सबाईंचा आवाज येत राहिला.

इराप्पानं दात आवळले आणि खिडक्या बंद करू लागला. दहा. वीस. चाळीस... एकसष्ट.

"उघडली!" नर्सबाई ओरडल्या. थोड्या वेळानं त्यांचाच फोन पुन्हा आला. माणूस मिळाला होता. मोटारसायकलवरून निघालाही होता.

इराप्पा भिंतीला टेकून खाली बसला. पण दोन मिनिटंही बसवलं नाही. उठून पुन्हा खुर्चीवर गेला, माऊस धरला.

"आता काय बघतोस?"

"परत भरलं तर?"

"मघाशी कुणी भरलं होतं?"

इराप्पा एकदम उसळला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला! माझा अण्णा गेलाय. माझं रक्त त्याला चाललं नाही, अज्जा. हात पुढं करून उभा होतो, डॉक्टर म्हणाले, तुझं जुळत नाही. यादी तरी उघडायला पाहिजे होती! त्या दिवशी इथं कुणी बघत बसलं असतं, तर..."

"मी बघत होतो."

"...काय?"

"इथंच. ह्याच खुर्चीवर. यादी उघडली होती, इरा. पहिल्या झटक्यात उघडली. मल्लाप्पाच्या रक्तगटाच्या तिघांचीच नावं होती. एक मुंबईला. एक आजारी. एकानं फोन उचलला नाही."

इराप्पा पडद्याकडं बघत राहिला. आकडा कधीच खाली आला होता, पण त्याला तो दिसत नव्हता.

"चार महिने झाले," तो शेवटी म्हणाला. "सांगितलं का नाही मला?"

"तू आकडाच बघत होतास. त्या दिवसाचं कधी विचारलंच नाहीस."

"मग... मी आता करू काय?"

अज्जांनी त्याचा हात माऊसवरून काढला. पलीकडच्या खोलीत रक्तदानाची खाट रिकामी होती, तिकडं एकदा पाहिलं. मग इराप्पाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि अंगठ्यानं शीर चाचपत विचारलं,

"सकाळपासून काही खाल्लंयस का?"