गेरूचा पट्टा

माणदेशातल्या एका गावात एक भोळा धनगर होता, सिदू. त्याचं लग्न रामा कोळेकराच्या ठकूशी ठरलं होतं. ठकूवर त्याचा फार जीव. पण सासरा म्हणाला, "पोराला थोडी अक्कल येऊ द्या, मग अक्षता टाकू."

आईनं त्याला अक्कल आणायला गुरुजींकडे धाडलं. गुरुजी म्हणाले, "मेंढीला इंग्रजीत शीप म्हणतात. एक असली तरी शीप, कळप असला तरी शीप."

सिदूला वाटलं, आली अक्कल.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढ्या बसवायला सांगितल्या. सिदूनं रानाच्या मधोमध एक मेंढी बसवली. सकाळी खत निघालं मूठभर लेंड्या.

"आरं, बाकीच्या कुठं हायत?"

"एक आसली तरी शीप, कळप आसला तरी शीप. गुरुजींस्नी इचारा."

"एकीनं काय हुतंय? जाशील तिथं अख्खा कळप न्यावा!"

सिदूनं ते मनात पक्कं धरलं. सासऱ्यानं जेवायला बोलावलं, तर हा अख्खा कळप घेऊन गेला. मेंढ्या सासऱ्याच्या मेंढ्यांत मिसळल्या. निवडता निवडता दिवस मावळला, जेवण राहिलं ते राहिलंच.

सासऱ्यानं कपाळाला हात लावला. "गर्दीत शिरायच्या आधी आपल्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढावा. पट्टा आसंल ते आपलं. नसंल ते दुसऱ्याचं, त्याला हात लावायचा न्हाई."

"बरं, मामा."

सासरा लग्न मोडायलाच निघाला होता. ठकूनं हट्ट धरला, म्हणून तिथी धरली.

लग्नाला मांडव गच्च भरला. सिदू खिशात गेरू घेऊनच आला होता. मांडवभर फिरला. नवरीजवळ मात्र बाया त्याला फिरकू देईनात.

अक्षता पडल्या. संध्याकाळी आई दारात माप ठेवून सुनेची वाट बघत उभी होती. तेवढ्यात काठी उगारून हुर्र हुर्र करत सिदू आला. पुढं करवल्या, मावश्या, वाजंत्री, भटजी, सासरा. साऱ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा. गुरुजींच्याही.

"आरं, म्या एक सून आणाय धाडलं हुतं!"

"एक आसलं तरी आपलं माणूस, कळप आसला तरी आपलं माणूस. गुरुजींस्नी इचार."

गुरुजी खाली बघू लागले.

"आन् ठकू कुठाय?"

सिदूचे डोळे भरून आले.

"लई वाटत हुतं आणावी, आये. पर तिच्या पाठीवर पट्टा न्हवता. दुसऱ्याचं कसं आणू?"