दाण्याएवढं शिसं

"मग यातला कुठला लावू, ते तरी सांगा."

थोरवडे साहेबांनी पेटी उघडून दगडी कठड्यावर ठेवली. तीन मजली पेटी. कप्प्याकप्प्यांत पितळी पात्या, लाल-हिरवे लाकडी मासे, पिसं बांधलेले गळ. सगळी नकली आमिषं. दोनशे तरी असतील.

सुभेदार कचरे चहा पीत होते. त्यांनी पेटीकडे बघितलं. मग पुन्हा चहाकडे.

"तुमास्नी कुठलं आवडतं?"

साहेबांनी बोटभर लांबीचा चंदेरी मासा उचलला. "यावर मी कोयनेच्या जलाशयात चौदा किलोचा काढलाय."

"लावा की मग."

हे सगळं मला थोरवड्यांनीच सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी स्वतःचा ताठा जरा वाढवूनच सांगितला.

कऱ्हाडचे हे थोरवडे. पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. कालवे काढले, धरणाच्या भिंती उभ्या केल्या. निवृत्त झाल्यावर हिमाचलात ट्राउट मासा धरायला आले होते. निदान गावी तसं सांगून आले होते.

सुभेदार धोंडीराम कचरे माण तालुक्यातले. पलटणीबरोबर डोंगरात आले, इथल्याच बाईशी लग्न केलं, आणि पेन्शन घेऊन इथेच राहिले. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. नदीकाठी दोन खोल्यांचं लाकडी घर. कुणी मासे धरायला शिकायला आलं तर ते शिकवत. शिकवत म्हणजे फारसं बोलत नसत.

पहिल्या दिवशी साहेबांनी सकाळपासून तो चंदेरी मासा फेकला. नदी कसली, आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी. पण पाणी बर्फाचं, आणि धोंड्याधोंड्यांवरून पळणारं.

काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळी पाती लावली. मग मोठी पाती. मग पिसांचा गळ. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी गढूळ झालं, तेव्हा ते घराकडे परत आले.

"या नदीत मासा नाही, सुभेदार."

"हाय की."

"माझं आयुष्य पाण्यात गेलंय. मला पाणी कळतं."

चुलीवर भाकरी होती, ती सुभेदारांनी उलटली.

"पाणी कळतंच तुमास्नी," थोड्या वेळानं ते म्हणाले. "माशाचं इचारतोय म्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना गळाची काठी आणू दिली नाही. नदीच्या वळणावर एक मोठा सपाट धोंडा होता. त्यावर पालथं पडायला सांगितलं.

"पालथं?"

"सावली पडाय नको पाण्यावर."

पासष्ट वर्षांचे निवृत्त कार्यकारी अभियंता दगडावर पालथे पडले. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सुभेदार.

पंधरा मिनिटं साहेबांना नुसतं पाणी दिसलं. मग तळाचे गोटे दिसायला लागले. मग एका गोट्यामागे… सावलीसारखं काहीतरी. सावली एका जागी थांबली होती. सगळी नदी तिच्या अंगावरून जात होती आणि ती तिथेच होती.

मग ती बोटभर डावीकडे सरकली, तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा जागेवर आली.

"बघितला?" सुभेदार कुजबुजले.

"बघितला."

"काय खाल्लं त्यानं?"

साहेबांना माहीत नव्हतं. गेल्या तीस वर्षांत त्यांनी कुठल्याच माशाबद्दल हा विचार केला नव्हता, असं ते मला म्हणाले.

सुभेदार उठले. थोडं खाली जाऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि एक दगड उलटा करून वर आणला. त्याच्या पोटाला चपटे, तपकिरी किडे चिकटले होते. एकानं तर वाळूच्या कणांची नळी करून स्वतःला आत लपवलं होतं. सुभेदारांनी एक किडा उचलून साहेबांच्या तळहातावर ठेवला.

तो चालायला लागला. जेमतेम गुदगुली झाली.

"हे खातो?"

"हेच खातो. आता दावा बरं, तुमच्या पेटीत हे कुठं हाय."

पेटीत ते कुठेच नव्हतं.

सुभेदारांनी तो दगड परत नेऊन, होता तसाच ठेवला. किडा त्याच्यावर सोडला. मग खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती. डबीत सात-आठ जिग होते. जिग म्हणजे गळ आणि त्याच्या डोक्याला शिशाचा थेंब. हा थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि मागे नखाएवढी मऊ रबरी अळी. रंग तपकिरी. ओल्या मातीसारखा.

साहेबांनी तो हातात घेऊन तोलला.

"हे फेकलेलं माझ्या हाताला कळणारसुद्धा नाही."

"हाताला कशापायी कळाय पायजे?"

मग सुभेदारांनी पक्कड घेतली आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला.

"अहो, मासा सुटून जाईल अशानं."

"जाईल."

"मग?"

"तोंड फाटायचं न्हाय त्येचं."

साहेबांनी त्या दिवशी चाळीस-एक वेळा तो दाणा फेकला. वरच्या अंगाला फेकायचा आणि पाण्याबरोबर येऊ द्यायचा, एवढंच काम. पण त्यांचा हात गप्प बसेना. दोरीला झटका दे, खेच, नाचव. शेवटी सुभेदारांनी त्यांचं मनगट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"नदी हलवतीया त्येला. तुमी कशाला हलवता?"

मनगट धरूनच ते उभे राहिले. बराच वेळ. पाण्याचा आवाज तेवढा होता.

दोरी किंचित थांबली. दगडाला लागली असेल, असं साहेबांना वाटलं.

"उचला. हळू."

त्यांनी काठी उचलली, आणि पलीकडून काहीतरी जिवंत त्यांच्या हातात आलं.

वीतभर मासा होता. पाठ सोनेरी-तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके. सुभेदारांनी साहेबांना आधी हात ओले करायला लावले, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचं बुळबुळीत अस्तर निघतं. साहेबांनी त्याला पाण्यातच धरलं. गळ आपोआप सुटला. मासा तरीही क्षणभर त्यांच्या ओंजळीत थांबला… मग नव्हता.

साहेब तसेच वाकून उभे राहिले. हात पाण्यात होते. बोटं बधिर होऊन लाल झाली तरी बाहेर काढली नाहीत.

"सुभेदार," ते म्हणाले, "माझी मुलगी वर राहते."

"डुंगरी गावाला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आल्या दिवशी तुमी तीनदा इचारलं, ती पायवाट कुठं जाते म्हनून."

काठावर बसून साहेबांनी मग सगळं सांगितलं. मुलगी गौतमी. एकुलती एक. चांगली नोकरी सोडून विणकाम शिकायला डोंगरात जायचं म्हणाली. तिच्या आईच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते, पंगत बसली होती, आणि साहेब बोलायला उभे राहिले. तासभर बोलले. तिच्या आईनं तिच्यासाठी काय काय सोसलं, त्यांनी स्वतः काय केलं, आणि ती कशी सगळ्यावर पाणी फिरवतेय. गौतमी ताटावरून उठली ती गेलीच. सहा वर्षं झाली. फोन उचलते. "बरी आहे" म्हणते. "ठेवते" म्हणते.

"मी गप्प बसलो नाही हो. पाठवत राहिलो. गरम कपडे पाठवले. स्थळं पाठवली. मागच्या वर्षी फ्रीज पाठवला. मोठा, दोन दारांचा."

"डुंगरीला?"

"चार माणसांनी खांद्यावरून वर नेला म्हणे."

"तिथं सा म्हैने बरफ असतं, सायेब."

"ते मला नंतर कळलं."

सुभेदार हसले नाहीत. साहेबांना वाटलं होतं, हसतील.

साहेबांनी आतल्या खिशातून एक जाड पाकीट काढलं. "हे पत्र लिहिलंय. अकरा पानं. सगळं मुद्देसूद मांडलंय. माझं कुठे चुकलं तेही लिहिलंय, सातव्या पानावर. तुम्ही एकदा वाचून बघा."

सुभेदारांनी पाकीट घेतलं नाही.

"काय आवडतं तिला?"

"लहानपणी पुरणपोळी फार…"

"आता काय आवडतं?"

साहेबांनी तोंड उघडलं. मग ते नदीकडे बघत बसले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा सुभेदार उठून लाकडं गोळा करायला गेले, आणि बऱ्याच वेळानं परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तयार होऊन बाहेर आले. पाठीवर पिशवी होती. पिशवीत काजूबदामाचा डबा, रेशमी साडी, तिच्या आईची शाल आणि ते पाकीट. सुभेदार त्यांच्याबरोबर पायवाटेच्या तोंडापर्यंत आले. तिथून चढ सुरू होतो. दीड तासाचा.

सुभेदारांनी हात पुढे केला.

साहेबांना वाटलं, निरोप घेतायत. पण सुभेदारांचा तळहात वर होता. साहेबांनी पिशवी उतरवून दिली.

हात तसाच राहिला.

"पाकीट पिशवीतच आहे."

हात तसाच.

साहेबांनी शेवटी आतल्या खिशातून एक कागद काढला. रात्री झोप येईना म्हणून लिहून काढलेला, पत्राचा सारांश. दीड पान. तोही दिला.

"रिकाम्या हातानं जाऊ? सहा वर्षांनी? बोलू काय तिच्याशी?"

सुभेदारांनी चढाकडे बघितलं.

"घसा सुकंल वर जाईस्तवर," ते म्हणाले. "पाणी मागा."

साहेब गेले.

डुंगरीत पंधरा-वीस घरं. गौतमीचं कुठलं ते विचारावं लागलं नाही. ओसरीवर माग होता. ती मागावर बसली होती, पाठमोरी. केस आखूड केले होते. साहेबांना वाटेत पुष्कळ सुचलं होतं. सगळं घशापर्यंत आलं होतं, असं ते मला म्हणाले. आणि घसा खरोखरच कोरडा पडला होता.

"गौतमी… पाणी देतेस?"

ती वळली. तिची नजर त्यांच्या चिखलानं भरलेल्या बुटांवर गेली.

"आप्पा. तुम्ही चालत आलात?"

त्यांनी मान हलवली.

ती आत गेली आणि पितळेच्या तांब्यातून पाणी घेऊन आली. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं. तिनं आणखी ओतलं. मग म्हणाली, "बसा." मग म्हणाली, "चहात साखर घेता का अजून? का बंद केलीय?"

"बंद केलीय."

"मला माहीत नव्हतं."

"मलाही तुझं काही माहीत नाही," साहेब म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते त्यांनी तिथेच ठेवलं.

ती मागावर परत बसली. ते बघत बसले. धोटा इकडून तिकडे जात होता. दुपारी तिनं राजमा आणि भात वाढला. दोन वेळा वाढला. जेवताना त्यांनी विचारलं, मागावरच्या लोकरीचा तो रंग कशाचा, आणि तिनं सांगितलं, अक्रोडाच्या सालीचा. ते त्यांना समजलं नाही म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.

फ्रीज कोपऱ्यात उभा होता. वीज जोडलेली नव्हती. तिनंच त्याचं दार उघडून दाखवलं. आत लोकर भरून ठेवली होती, रंगारंगानं रचून.

"कसर लागत नाही यात," ती म्हणाली. "चांगला आहे."

साहेब हसले. मग तीही, थोडंसं.

आई कुठेच बोलण्यात आली नाही. पंगतही नाही. चार वाजता ते उठले.

ते खाली पोहोचले तेव्हा सुभेदार ओसरीवर बसून धागा गुंडाळत होते. पिशवी खुंटीला तशीच होती. साहेबांनी ती मागितली नाही. ते पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, साखरेपासून फ्रीजपर्यंत.

"पण परत या म्हणाली नाही, सुभेदार. राहा म्हणाली नाही. कधी जाणार, तेही विचारलं नाही."

सुभेदार गुंडाळत राहिले.

"सोडायला आली का?"

"आली तशी. गोठ्यापर्यंत. तिच्या दारापासून वीस पावलं असतील."

"चप्पल घातली होती?"

साहेब आठवायला लागले. अंगणातला बर्फगार चिखल त्यांच्या डोळ्यांसमोर आला, त्यात उमटलेली तिच्या पायांची बोटं आली.

"नाही. अनवाणीच होती."

सुभेदारांनी धाग्याची गुंडी खाली ठेवली.

"मग लई लांब आली, सायेब."