फुटलेली बांगडी कुणाची?

एका बाजारगावात सुंद्राकाकू नावाची कासारीण राहत होती. गिऱ्हाइकाचा हात कितीही राठ असो, काकू गप्पांच्या नादात बांगडी मनगटावर नेऊन बसवायची. भरताना बांगडी फुटली तर ती कासाराची, गिऱ्हाइकाची नव्हे, ही तिच्या धंद्याची रीत.

पुढे काकूला कंपवाताने गाठलं. मेंदूतल्या पेशी मरत चालल्या आणि उजवा हात तिचं ऐकेना. सकाळी गोळी घेतली की दोन तास बरे जायचे. मग बांगड्या फुटायच्या, बायकांच्या मनगटांवर ओरखडे उठायचे. काकूला त्याचं फार वाईट वाटे.

एकदा एका शहरी डॉक्टरने गावात मंडप टाकला. मूळ पेशींचं इंजेक्शन घ्या, मेंदूत नव्या पेशी रुजतील, कंप कायमचा जाईल, असं तो छातीठोक सांगे. काकूला त्याने बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्हाला नंतर इंजेक्शन फुकट. उद्या गोळी घेऊन या, सगळ्यांसमोर बांगडी भरा आणि म्हणा, हा इंजेक्शनचा गुण!"

हात परत मिळावा म्हणून काकू काय वाटेल ते करायला तयार होती. तरी दुसऱ्या दिवशी ती मुद्दामच गोळी न घेता मंडपात गेली. पहिल्या रांगेतल्या बाईचा हात तिने धरला. बांगडी अर्ध्यात गेली आणि फुटली.

"ही माझ्याकडून फुटली, म्हणून माझी," काकू कडाडली. "डॉक्टरसाहेब, तुमची सुई चुकली तर ती कुणाची?"

डॉक्टर चाचरला. "त्याची हमी कुणीच देत नसतं, मावशी."

"मग माझ्या गावात सुई काढू नका!"

बायका उठल्या. संध्याकाळपर्यंत मंडपही उठला.

वर्षभराने मोठ्या सरकारी रुग्णालयात याच पेशींचा प्रयोग सुरू झाला. काकू तिथे गेली, तेव्हा तिथली डॉक्टरीण म्हणाली, "काकू, गुण येईलच असं मी म्हणणार नाही. पण आमच्यामुळे काही बिघडलं तर ते आम्ही निस्तरू. तसं लिहून देते."

काकू हसली. "द्या कागद इकडं. तुमची रीत आमच्यासारखीच आहे."

सही वेडीवाकडी आली, पण तिने अंगठा लावला नाही. प्रयोगात भाग घेतला, तरी हात अजून कापतो. काकू रोज दुकान उघडते आणि फुटलेल्या बांगड्या आपल्याच पदरात घेते.

तात्पर्य: फुटलेली बांगडी जो आपली म्हणत नाही, त्याच्या हाती आपलं मनगट देऊ नये, मग गरज कितीही मोठी असो.