धसकटं राहिलेलं रान

गावांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. कमी पावसाच्या एका गावात एक नवी सून आली. इतकी भित्री, की पान गळलं तरी दचकायची. पण माहेरी आईकडून ती पेरणी शिकली होती. पेरायच्या पाभरीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडताना तिचा हात कधी थरथरत नसे.

त्या गावात नव्या सुनेला आधी जमिनीचा एक तुकडा कसायला देत. त्यात पीक उभं राहिलं, तरच घरच्या पेरणीची मूठ, म्हणजे बी सोडायचा मान, तिच्याकडे यायची. नाहीतर जन्मभर नुसतं खुरपं. सुनेला मूठ हवी होती. अगदी मनापासून.

ज्वारी कापून झाली, की मागं उरलेले बुडखे, म्हणजे धसकटं, उपटून जाळायची आणि नांगर घालून रान आरशासारखं लख्ख करायचं, ही गावाची रीत. सुनेनं आपल्या तुकड्यातलं पहिलं धसकट उपटलं आणि मुळाशी गांडूळ वळवळलं. ती किंचाळलीच.

"अगं, तू कशाला ओरडतेस? छप्पर माझं उडालं!" गांडूळ म्हणालं.

"चुकलं हो," ती पुटपुटली. "पण रान साफ नको का करायला?"

"रान कसलं, आमचं घर साफ करतेस! ही धसकटं आमची सावली. खाली आम्ही वाटा पोखरतो, त्यातून पाणी आत उतरतं. नांगर फिरला, की सगळं उलटंपालटं. मग पाणी मुरवायचं कुणी?"

सुनेनं नांगर घातला नाही. तण तेवढं खुरपून काढलं आणि जागच्या जागी पसरलं.

बांधावरून जाता-येता बाया हसायच्या, "काय गं, रानाची हजामत राहिली वाटतं!"

"अगं, अजून वेळ आहे," सासू म्हणायची. "बैल ने, नांगर घाल. मूठ गमावशील."

"राहू द्या, आत्याबाई," ती म्हणे, आणि पुन्हा खुरपं हाती घेई.

पेरणीआधी एकदाच पाऊस कोसळला. लख्ख रानांतली माती ओढ्याला गेली. सुनेच्या रानात पाणी धसकटांना अडलं, थबकलं, खाली मुरलं. तिनं धसकटांच्या दोन ओळींमधून पेरणी केली. पुढं ढग फिरकलेच नाहीत. गावची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. सुनेची डोक्यावर गेली.

त्या वर्षी हुरडा एकाच रानात भाजला. सगळं गाव लोटलं. हसणाऱ्या बायाही आल्या, आणि त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

सासूनं सगळ्यांसमोर चाडं सुनेच्या हाती दिलं. "घे. पुढच्या साली सगळं रान तुझ्या मुठीनं पेरायचं."

"आणि नांगर, आत्याबाई?"

"त्याच्यावर कोंबड्या बसू देत!" सासू म्हणाली, आणि सून पहिल्यांदाच खळखळून हसली.

तात्पर्य: माती लख्ख करू नये, झाकून ठेवावी, झाकलेली मातीच ओल राखते आणि पीक तारते.