टेकाडापासून बोराटीपर्यंत

डोंगराच्या पायथ्याशी एका माळरानावर हरणांचा मोठा कळप राहत असे. त्या कळपात एक हरिणी होती, आणि तिच्या पायांचे कौतुक माळावरच्या टिटव्यासुद्धा करीत. एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. पलीकडच्या खोऱ्यात हरणांचा दुसरा कळप चरत होता आणि त्याला याची काहीच खबर नव्हती. ही हरिणी एकटी निघाली. डोंगराला मोठा वळसा घालून, वाटेत कुठेही न थांबता ती पळत गेली, त्या कळपाला सावध केले आणि तशीच माघारी आली. तिच्यामुळे कितीतरी जीव वाचले. मुलांनो, हे काम खरोखरच मोठे होते, आणि पुढे जे घडले त्यामुळे ते लहान ठरत नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

परत आल्यावर जो तो तिची वाखाणणी करू लागला. पण तिच्या मागच्या एका पायात लचक भरली होती. बसून उठताना तो पाय थरथरे, उतारावर नीट टेकत नसे. तिने हे कोणालाच सांगितले नाही. सगळ्यांच्या तोंडी आपल्या पायांचेच नाव असताना पाय दुखतो म्हणायचे कसे, असे तिला वाटले.

आता त्या कळपाची एक रीत सांगतो. माळावर एक टेकाड होते आणि तिथून थोड्या अंतरावर बोराटीचे काटेरी बन होते. कळपाची राखण ज्याच्याकडे असे ते हरीण टेकाडावर उभे राही. लांडगे दिसले की त्याने ओरडायचे, मग लांडग्यांच्या समोरून पळत त्यांना आपल्या मागे लावून घ्यायचे आणि बोराटीत शिरायचे. आतल्या वाटा हरणांच्या पायाखालच्या होत्या, लांडगे मात्र काट्यांत अडकून पडत. तेवढ्या वेळात कळप दूर निघून जाई. म्हणून दरवर्षी टेकाडापासून बोराटीपर्यंत गाडीवाटेने शर्यत होई, आणि जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभराची राखण येई. शर्यत छोटीच, पण सगळ्या कळपाचा जीव तिच्यावर अवलंबून असे.

त्या वर्षी शर्यतीचा दिवस वणव्यानंतर लगेचच आला. कळपाच्या म्हाताऱ्या म्होरक्याने हरिणीला विचारले, यंदा तू विसावा घेतेस का? ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात बाकीची हरणे हसली. जी अख्ख्या डोंगराला वळसा घालून आली तिला हे टीचभर अंतर काय जड, असे एकाने म्हटले आणि सगळ्यांनी मान डोलावली. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण कौतुकाचेही ओझे होते, आणि ते सगळे त्या दुखऱ्या पायावर येऊन पडले.

"धावते की," हरिणी म्हणाली.

शर्यत सुरू झाली. अर्ध्या वाटेत एक तरुण हरिणी तिच्या बरोबरीला आली. थोरलीचा पाय वाकडा पडतो आहे आणि तिला भलतीच धाप लागली आहे, हे तिला शेजारून स्पष्ट दिसले. ती सहज पुढे गेली असती. पण जिने दुसऱ्या कळपाचे प्राण वाचवले तिला सगळ्यांदेखत मागे टाकणे तिच्या जिवावर आले. तिने पाऊल आखडते घेतले. थोरली पहिली आली. आपल्याला जिंकू दिले हे थोरलीला कळले होते. तरी ती काही बोलली नाही, आणि टेकाडावर जाऊन उभी राहिली.

काही दिवसांनी भर दुपारी लांडगे आले. हरिणीने त्यांना वेळेवर पाहिले, वेळेवर ओरडली आणि टेकाडावरून खाली झेप घेतली. टेकताक्षणी पाय तिच्याखाली दुमडला. ती उठली आणि पुन्हा पडली. कळपाच्या मधोमध चरणाऱ्या तरुण हरिणीने हे पाहिले. राखण तिची नव्हती, तरी ती उलटी फिरली, लांडग्यांच्या पुढून गेली आणि त्यांना घेऊन बोराटीकडे पळाली. टेकाडावरून निघाली असती तर ती सुखरूप पोचली असती. पण तिला मुळात निघायलाच उशीर झाला होता आणि वाटही लांबची पडली. बोराटी समोर दिसत असताना लांडग्यांनी तिला गाठले. कळप वाचला, आणि थोरली हरिणीही वाचली.

संध्याकाळी कळप पुन्हा एकत्र आला. थोरलीला कोणी बोल लावला नाही. उलट म्होरक्याच तिची समजूत घालू लागला, की पाय काय, ऐनवेळी कोणालाही दगा देतो.

"ऐनवेळी नाही," हरिणी म्हणाली. "वणव्याहून आले तेव्हापासून तो दुखत होता. शर्यतीच्या दिवशीही दुखत होता. मला ठाऊक होतं."

मग त्या तरुण हरिणीची आई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"माझ्या लेकीने मला सांगितलं होतं, की ती मुद्दाम मागे राहिली. मीही तिला शहाणी म्हटलं," ती म्हणाली. "पाय दुखतो, एवढंच तू म्हणाली असतीस, तर आम्ही तुला सावलीत बसवलं असतं. तुला कमी कोणी लेखलं असतं गं?"

थोरली हरिणी लंगडत त्या आईजवळ गेली आणि, इथे बसू का, असे तिने हलकेच विचारले. आईने बोराटीकडे पाहिले. मग थोडी सरकून तिने तिला जागा दिली.

तात्पर्य : मोठे काम करून दमलेल्याने आपले दुखणे लपवू नये, आणि ते ज्यांना दिसते त्यांनी मानापोटी गप्प राहू नये, कारण लपवलेल्या दुखण्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते.