जिलबी न आवडणारा माणूस

एकदा दामोदरपंत नावाच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप लागले. चोरांच्या भयाने नव्हे. व्यापाऱ्याच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना, मधुमेह झाल्याचे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते. दामोदरपंत मनुष्य प्रेमळ; पण प्रेम म्हणजे बंदोबस्त, अशी त्यांची ठाम समजूत. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. पाहुणा आला की नमस्काराआधी ते सांगत, "हिला शुगर आहे हो." हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्यांनी बाहेरच्या ओटीवरून बजावले, की हिच्या हातावर काही गोड ठेवू नका. आणि पंगतीत तर ते पत्नीच्या पानावर स्वतःचा हात आडवा धरीत.

इंदुमतीबाई काही बोलत नसत. त्या गोळ्या घेत, मान खाली घालून जेवत आणि दिवसेंदिवस अबोल होत चालल्या.

एका सकाळी त्या परसात चक्कर येऊन पडल्या. दामोदरपंतांना हे तीन दिवसांनी कळले, तेही शेजारणीकडून. ही अशीच एकटी असताना पडली आणि उठलीच नाही तर, या विचाराने त्यांना अन्न जाईना. ते उठले आणि थेट शास्त्रीबुवांकडे गेले. शास्त्रीबुवांनी त्यांना लहानपणी गीता शिकवली होती आणि अजूनही अडचणीला तेच एक दार होते. मी हिच्यासाठी जिवाचे रान करतो आणि ही माझ्यापासूनच लपवते, असे सांगताना दामोदरपंतांचे डोळे भरून आले.

शास्त्रीबुवांनी सारे ऐकले आणि उपदेश एका शब्दाचाही केला नाही. उद्या नातवाची मुंज आहे, जेवायला माझ्या शेजारी बस, एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. वाढपी मसालेभात घेऊन आला, तोच शास्त्रीबुवांनी शिष्याच्या पानावर हात आडवा धरला. "यांना अर्धाच." भजी आली, पुन्हा हात. जिलबी आली, तेव्हा तर ते चार पानांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यांना नको. यांना सोसत नाही." समोरच्या गृहस्थांनी दामोदरपंतांच्या पोटाकडे पाहिले आणि काय होते म्हणून आस्थेने विचारपूस केली. दामोदरपंतांचे कान लाल झाले. गुरूपुढे बोलायचे कसे, म्हणून त्यांनी ताक पिऊन आचवले.

थोड्या वेळाने शास्त्रीबुवा कोठीघरात डोकावले. दामोदरपंत परातीशी उभे होते. एक जिलबी तोंडात, दुसरी हातात, आणि पाक कोपरापर्यंत ओघळलेला.

"दामोदरा, तुला तर जिलबी कधीच आवडली नाही."

"नाही आवडत, गुरुजी."

"मग?"

दामोदरपंतांनी हातातल्या जिलबीकडे पाहिले. "सगळ्यांदेखत आपण नको म्हणालात. तेव्हा वाटलं, आता खाणारच. आणि आपल्याला दिसणार नाही अशी खाणार."

शास्त्रीबुवांनी त्यांना हात धुवायला पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, "एका जेवणात तुझं हे झालं. तिची तर रोजची दोन जेवणं अशी होतात. पथ्य तिला हवंच, त्यात सूट नाही. पण नको म्हणण्याचा मान तिचा तिच्याकडे राहू दे. पहारेकऱ्याला कुणी आपलं दुखणं सांगत नाही रे, आणि या आजारात न सांगितलेलं दुखणंच घात करतं. तिच्या पानाकडे बघणं सोड, तुझ्या पानाकडे बघ. ती खाते ते तू खा, ती चालते तिथं बरोबर चाल. कसं वाटतंय ते विचार, आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नकोस."

घरी येऊन दामोदरपंतांनी पत्नीला पंगतीपासून पाक ओघळेपर्यंत सगळे सांगितले. काहीही झाकले नाही. इंदुमतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता थोड्या रडल्याही.

त्या दिवसापासून दोघांच्या पानांत सारखेच पदार्थ पडू लागले. सकाळी दोघे नदीच्या वाटेने फिरायला जाऊ लागले. पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी इंदुमतीबाई वाटेतच थांबल्या आणि त्यांनी पतीचा दंड धरला.

"अहो, बसू या जरा. हात थरथरतायत माझे. घाम सुटलाय."

काही न खाता निघालीस का, हा प्रश्न दामोदरपंतांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. पत्नीला पारावर बसवले आणि साखर एकदम उतरली तर द्यायला म्हणून डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितलेली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून दिली. हळूहळू थरथर थांबली. मग त्यांनी नुसतेच विचारले, "आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," इंदुमतीबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने नदीकडे पाहत त्या पुढे म्हणाल्या, "परसात पडले ना, त्याच्याआधीही दोनदा झालं होतं असं. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

दामोदरपंतांनी दुकान उघडायची वेळ टळू दिली आणि त्या दोन्ही वेळांचे सारे ऐकून घेतले.